कालव्यावरून खाडीकडे: गावानं आणि सरकारनं मिळून खाडी कशी सांभाळावी

आमच्या निफाड तालुक्यात कालवा म्हणजे पाट. धरणातून निघतो, चाऱ्यांमध्ये, म्हणजे लहान पाटांमध्ये, वाटला जातो आणि शेवटचं पाणी आमच्या द्राक्षबागेच्या बांधाशी येऊन थांबतं. दोन वर्षांपूर्वी पालघरकडच्या वैतरणेच्या खाडीवरच्या अकरा बायका अभ्यासदौऱ्यावर आमच्याकडं आल्या होत्या. मी त्यांना म्हणाले, "आम्ही सगळ्यांनी मिळून कालवा सांभाळला." त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर मावशी पुढं झाली. "गोड्या पाण्यात कालवं?" तिच्याकडं कालवं म्हणजे खडकाला चिकटून वाढणारी शिंपली. ओहोटीला जाऊन टोचून काढायची, घरी आणून फोडायची आणि बाजारात वाट्यानं विकायची.

मग आम्ही चारीच्या मुखाशी गेलो. तिथं पाणी मोजायचा फ्ल्यूम आहे, त्याच्या भिंतीवर पट्टी रंगवलेली आहे. पट्टीवर पाणी कुठं लागलंय ते पाहायचं, तक्त्यात बघायचं, की किती पाणी चाललंय ते कळतं. मावशी बराच वेळ त्या पट्टीकडं बघत उभी होती. मग म्हणाली, "बाय, तुमचं पाणी पट्टीवर दिसतं. आमची खाडी कुठल्या पट्टीवर मोजायची?"

त्या दिवशी माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी आमच्या चारीवरच्या पाणी वापर संस्थेची सचिव आहे. पाळीपत्रक लावायचं, पाणीपट्टी गोळा करायची, भांडणं मिटवायची, सरकारी कार्यालयात कागद द्यायचे, हे काम मला येतं. खाडीतलं मला काही कळत नव्हतं. तेव्हापासून चार वेळा मी तिकडं जाऊन राहिले, चिखलात त्यांच्याबरोबर उतरले, सभांना बसले. पाटावर जे शिकले त्यातलं खाडीवर काय लागू पडतं आणि काय नाही, ते इथं लिहिते आहे. खाडीकाठच्या, किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावाला सरकारबरोबर बसून आपलं पाणी, आपली मासळी, आपलं कांदळवन सांभाळायचं असेल, तर त्यांनी हे पुढं ठेवून काम सुरू करावं.

आधी टेलला जा

कालव्याच्या सुरुवातीला ज्यांची शेतं असतात ते हेडचे, शेवटाला असतात ते टेलचे. आमच्या भागात हे दोन शब्द लहान पोरांनाही माहीत आहेत. पाणी सुटलं की हेडला आधी मिळतं. टेलला मिळेलच असं नाही.

दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाडचं धरण आहे. तिथं शेतकऱ्यांच्या संस्थांचं काम १९९०-९१ च्या सुमाराला सुरू झालं, आणि ते सुरू झालं कालव्याच्या टेलला, ओझरला. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्रानं पहिल्या तीन संस्था तिथं उभ्या केल्या. ज्यांना पाणी पोचतच नव्हतं त्यांच्याच संस्था. पुढं एकेक चारी येत गेली, संस्था चोवीस झाल्या आणि २००३ मध्ये अख्ख्या प्रकल्पाची मिळून एक संस्था झाली. नंतर २००५ मध्ये महाराष्ट्रानं सिंचन पद्धतीचं शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला. त्यात संचालक मंडळावर हेड, मध्य आणि टेल अशा तिन्ही भागांची माणसं सारखी घ्यायची, बायकांसाठी जागा ठेवायच्या, असं आलं. माझ्यासारखी टेलची बाई सचिव झाली ती याच वाटेनं.

टेलपासून का सुरू करायचं, तर हेडच्या माणसाला बदल नको असतो. त्याचं बरं चाललेलं असतं. टेलच्या माणसाला रोज कळत असतं की काय बिघडलंय, कुठं बिघडलंय आणि कुणामुळं. तो टिकून काम करतो, कारण त्याला दुसरा मार्ग नाही.

खाडीवर टेल कोण, हे तुम्हाला शोधावं लागेल. यांत्रिक बोटींचे मालक हेडचे. मच्छीमार सोसायटीत त्यांचं नाव, डिझेलचा कोटा त्यांना, अधिकारी आला की तो त्यांच्या ओट्यावर बसतो. त्यांच्यानंतर डोल, म्हणजे खुंट्यांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं, लावणारे. त्यांचे खुंटे मारायच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या असतात, त्यांना ते कव म्हणतात. मग एकट्याची छोटी होडी वल्हवणारा. आणि सगळ्यात शेवटी जिच्याकडं होडी नाही, जाळं नाही, परवाना नाही, फक्त टोपली आहे अशी बाई. ती शिंपल्या वेचते, चिंबोऱ्या धरते, कालवं काढते. खाडीत चिखल वाढला, वाळू उपसली गेली, वरच्या कारखान्याचं पाणी आलं, तर पहिल्यांदा तिला कळतं. तिच्या टोपलीत कळतं.

तिचं नाव मात्र कुठल्याच कागदावर नसतं. मला हे जिव्हारी लागतं, कारण आमच्याकडंही असंच होतं. संस्थेचा सभासद व्हायला जमीन नावावर लागते, आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव नसायचं. शरद जोशींनी लक्ष्मी मुक्तीचं काम उभं केलं तेव्हा ज्या घरांनी बायकांची नावं लावली, त्यांत आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, होते. त्यांनी सुनेच्या नावावर वीस गुंठे केले म्हणून मी सभासद झाले. तेव्हा खाडीची संस्था करताना सभासदत्वाची अट पहिल्याच दिवशी नीट लिहा: होडी किंवा परवाना असलेला तो सभासद असं लिहू नका. जो किंवा जी वर्षातून अमुक दिवस खाडीवर पोट भरते ती सभासद, असं लिहा. किती दिवस ते गावानं ठरवावं. ही एक ओळ चुकली तर पुढचं सगळं काम हेडच्या ताब्यात जातं, आणि ते परत आणता येत नाही.

सभा कधी घ्यायची

हे एवढं लहान वाटतं की कुणी त्याचा विचार करत नाही. मी गेले त्या पहिल्या खेपेला एका कार्यालयानं गावात सभा लावली होती. पौर्णिमा, संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे लोक मोकळे असतील. साठेक पुरुष आले. शिंपल्या वेचणारी एकही बाई आली नाही. साहेबांनी वहीत लिहून घेतलं की महिलांचा प्रतिसाद नाही.

मावशीनं मला रात्री हिशोब समजावला. तिथीची पाऊणपट करायची, की भरती किती वाजता ते निघतं. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, तर सहा तासांनी, सव्वापाचला, पुरती ओहोटी. त्यात पौर्णिमेचं उधाण, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त मागं जाणार, एरवी न दिसणारा चिखल उघडा पडणार. पंधरवड्यातले कमाईचे दिवस हेच. पाच वाजता गावातली प्रत्येक शिंपलेवाली गुडघाभर चिखलात होती.

म्हणून सभा भरतीला ठेवा. तिथी बघा, पाऊणपट करा, खाडीत आत असाल तर भरती किनाऱ्यापेक्षा उशिरा पोचते ते धरा, आणि अधिकाऱ्यांना वेळ कळवताना कारणही लिहा. आमच्याकडंही आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सुटायची पाळी, सुरू असताना सभा घेत नाहीत. रात्रभर बारं धरलेला, म्हणजे शेताला पाणी देत उभा असलेला, माणूस सभेला कसा येईल? अधिकाऱ्याला कारण कळलं की तो ऐकतो. बहुतेक ऐकतातच.

खाडीचे मालक किती, ते लिहून काढा

पाटावर आमचं एक बरं आहे: धरण, कालवा, चारी, सगळं जलसंपदा विभागाचं. त्याच एका दारात भांडायचं आणि त्याच दारात करार करायचा. खाडीवर मात्र एका ओंजळभर पाण्याला सहा-सात मालक. मासे आणि जाळी मत्स्यव्यवसाय विभागाकडं. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याखाली येते, तो २०२१ मध्ये बदलून कडक केला आहे. कांदळवन वन विभागाकडं, त्यासाठी २०१२ पासून वेगळा कांदळवन कक्ष आहे. जेट्टी आणि जलमार्ग महाराष्ट्र सागरी मंडळाकडं. वाळू महसूल खात्याकडं, म्हणजे तहसीलदार आणि जिल्हाधिकारी. पाण्यात काही सोडलं असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळ. भरतीरेषेजवळ बांधकाम होत असेल तर किनारपट्टी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण. आणि गावठाणाची ग्रामपंचायत आहेच.

आम्ही हे मंदिराच्या सभामंडपात जमिनीवर काढलं. रांगोळीनं खाडी काढली, बायकांनी जागा दाखवल्या: इथं तिसऱ्या, इथं खुबे (दोन्ही शिंपल्याच), इथं कालवांचा खडक, इथं रात्री वाळू उपसायचा सक्शन पंप लागतो, इथं नाला येऊन मिळतो. मग प्रत्येक जागेवर एकेक चिठ्ठी ठेवली, हे कुणाच्या हातात आहे त्याची. चिठ्ठ्या बघितल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की तीन वर्षं ज्या तक्रारी मत्स्यव्यवसाय कार्यालयात दिल्या जात होत्या, त्यातल्या निम्म्या वाळूच्या होत्या. त्या कार्यालयाला वाळूवर काही करताच येत नाही. आमची संस्था नवी असताना आम्हीही असंच एक वर्ष चुकीच्या दारात घालवलं, म्हणून सांगते.

नकाशा काढताना खाडीच्या वरही जा. वैतरणा उगवते आमच्या जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात, आणि तिचं पाणी धरणांत अडवून मुंबईला जातं. खाडीत गोडं पाणी किती येणार हे इथं वर ठरतं. मावशीला हे मी त्र्यंबकच्या वाटेवरून लांबचे डोंगर दाखवत सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आमच्या खाडीचं हेड तुमच्याकडं." मला त्याचं ओझं वाटतं आणि वाटायलाच हवं. नदीचं वरचं टोक तुमच्या संस्थेच्या ताब्यात येणार नाही, पण नकाशावर ते असलं पाहिजे. नाहीतर खाडीत जे जे कमी झालं त्याचा दोष शेवटी टोपलीवालीच्या माथी येतो.

एकच वही, दोन सह्या

आता मावशीच्या प्रश्नाकडं येते. माझं मत असं झालं आहे की सगळ्या कामाचा खांब हाच आहे. सभा, नोंदणी, पदाधिकारी हे नंतर. दोघांनी मिळून एक गोष्ट मोजायची, आणि एकाच वहीत लिहायची, हे आधी.

आमच्याकडं पूर्वी काय व्हायचं? खातं म्हणायचं चारीला भरपूर पाणी सोडलं. शेतकरी म्हणायचे पाणी आलंच नाही. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते, कारण वाटेत चारी गळत होती आणि मोजत कुणीच नव्हतं. पाणीपट्टी क्षेत्रावर, म्हणजे कुठलं पीक किती हेक्टर त्यावर. घनमापनाची पद्धत आली, म्हणजे पाणी मोजून घ्यायचं आणि मोजल्याप्रमाणं पैसे भरायचे, तेव्हा फ्ल्यूम बसला. आवर्तन चालू असताना कालवा निरीक्षक आणि संस्थेचा माणूस दोघं मिळून पट्टी वाचतात. वहीत वेळ लिहितात, आकडा लिहितात, दोघं सही करतात. भांडणं संपली असं मी म्हणणार नाही. पण भांडण आता आकड्यापासून सुरू होतं, आणि आकडा दोघांचा असतो.

खाडीवर सगळं मोजायला जाऊ नका. एक वस्तू निवडा. अशी निवडा की जी पळून जात नाही आणि जिच्यावर टेलची माणसं जगतात. आमच्या मैत्रिणींनी तिसऱ्या निवडल्या. त्यांची वही अशी आहे, ती जशीच्या तशी घ्या:

तिथी आणि तारीख. जागेचं नाव (गावात म्हणतात तेच नाव). किती जणी गेल्या. किती वेळ वेचल्या. किती किलो भरल्या. आणि टोपलीत हात घालून एक पसा काढायचा, त्यातल्या किती लहान निघाल्या.

लहान कशाला म्हणायचं? त्यासाठी लोहाराकडून तारेचं एक कडं करून घेतलं. कड्यातून पडली ती लहान, अडकली ती मोठी. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही हे जमतं, आणि साहेबालाही तेच कडं वापरावं लागतं.

वेळ का लिहायचा हे मात्र नीट समजून घ्या, कारण सुरुवातीला सगळ्याजणी तो रकाना सोडून देत होत्या. नुसते किलो लिहिले तर फसगत होते. गेल्या वर्षी पाच किलो, यंदाही पाच किलो, म्हणजे सगळं ठीक, असं वाटतं. पण गेल्या वर्षी ते दोन तासांत भरले आणि यंदा चार तास लागले, तर खाडी अर्धी झाली आहे. तासाला किती किलो, हा आकडा म्हणजे तुमची पट्टी.

महिन्यातून एकदा मत्स्यव्यवसाय विभागाचा माणूस येऊन समोर वजन करेल आणि त्या पानावर सही करेल, एवढं मागा. पैसा मागू नका, योजना मागू नका, पहिल्या वर्षी फक्त ही सही मागा. सही मागायला गेलेल्या बायकांना तीन वेळा परत पाठवलं. चौथ्या वेळी त्या आठ महिन्यांची वही घेऊन गेल्या. वही बघितल्यावर तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं खुर्ची पुढं ओढली. असं काही त्याच्या कार्यालयाकडं नव्हतंच. बोटींच्या बंदरावर उतरणाऱ्या मासळीची नोंद होते. टोपलीतून थेट बाजारात जाणारी शिंपली कुणाच्याच हिशोबात नसते.

कमीत कमी एक पूर्ण वर्ष मोजा. पावसाळ्यात खाडी गोडी होते, सगळं बदलतं, ते वहीत यायला हवं.

नियम कमी, आणि डोळ्यांना दिसतील असे

वर्ष भरल्यावर नियम. इथं मी तुम्हाला केरळातलं उदाहरण देते, कारण तेही तिसऱ्यांचंच आहे. कोल्लमजवळ अष्टमुडी नावाचं सरोवर समुद्राला मिळतं. तिथल्या तिसऱ्यांना परदेशात गिऱ्हाईक मिळालं आणि १९९१ पर्यंत वर्षाला दहा हजार टनांपर्यंत उपसा गेला. पुढच्या दोन वर्षांत तो निम्म्यावर आला. मग सरकारनं मच्छीमार आणि केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ यांच्याबरोबर बसून नियम केले. डिसेंबर ते फेब्रुवारी, अंडी घालायच्या काळात, वेचणं बंद. जाळ्याचा आस, म्हणजे भोक, ३० मिलिमीटरपेक्षा लहान नको. निर्यातीला जाणाऱ्या मालात किलोला १,४०० पेक्षा जास्त नग नकोत, म्हणजे बारीक माल घ्यायला व्यापारीच तयार नाही. यंत्रानं उपसा नको. पीक सावरलं, आणि २०१४ मध्ये या मासेमारीला शाश्वततेचं आंतरराष्ट्रीय एमएससी (मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल) प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं.

या नियमांकडं नीट बघा. एकही नियम असा नाही की जो तपासायला प्रयोगशाळा लागेल. महिना कुठला चाललाय ते सगळ्यांना कळतं. जाळ्याचा आस बोटानं मोजता येतो. किलोत नग किती ते व्यापारी मोजतो. पण ते नियम अष्टमुडीचे आहेत. डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने तसेच्या तसे उचलून आणू नका. तुमच्या खाडीत शिंपल्या कधी भरतात, कधी पोकळ होतात ते बायकांना ठाऊक असतं, वहीत दिसतं, आणि शास्त्रज्ञाला विचारता येतं. तिन्ही जुळलं की महिना ठरवा.

नियम मोडणाराचं काय करायचं? आमच्या चारीवर रात्री पाइप टाकून सायफननं पाणी ओढणारे होते, अजून आहेत. पहिल्या वेळी घरी जाऊन सांगतो. दुसऱ्या वेळी मासिक सभेत नाव वाचतो. तिसऱ्या वेळी दंड, आणि पुढच्या पाळीत शेवटचा नंबर. पहिल्याच वेळी मोठा दंड लावला तर तो माणूस कायमचा विरोधात जातो, आणि त्याचे चार भाऊबंद बरोबर नेतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी जगभरातली पाटपाणी, कुरणं, मासेमारीची गावं अभ्यासली, त्यासाठी त्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टिकलेल्या संस्थांमध्ये त्यांना शिक्षा अशीच पायरीपायरीनं वाढणारी दिसली. आमच्या सटाणा-कळवणकडं मोसम, आरम या नद्यांवर बंधाऱ्याचं पाणी गावानं मिळून वाटून घ्यायची फड पद्धत शेकडो वर्षं चालली. तिथंही पाटकरी आणि पंच हेच करत.

मात्र बाहेरून येणाऱ्या मोठ्या बोटीशी गावानं स्वतः भिडू नये. एलईडी लावून मासेमारी करणारी, बंदीच्या काळात म्हणजे १ जून ते ३१ जुलै यंत्र लावून निघणारी, खाडीच्या तोंडाशी बारीक आसाचं जाळं ओढणारी बोट अडवायची ताकद आणि अधिकार सरकारकडं आहे. गावानं वेळ, जागा आणि बोटीचा नंबर टिपायचा, मोबाइलवर जागेचे आकडे घ्यायचे आणि ताबडतोब कळवायचं. समुद्रात हाणामारी झाली की गुन्हा गरिबावर लागतो. घरची भांडणं गावानं मिटवायची, बाहेरची सरकारनं. ही वाटणी आधीच ठरवा.

कागदावर काय यायलाच हवं

पाटाला २००५ चा कायदा आहे. खाडीला असा एक कायदा नाही, त्यामुळं तुम्हाला असलेल्या खोल्यांपैकी एकीत राहावं लागेल. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्याखाली ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तुमची तिसऱ्यांची वही त्या नोंदवहीत जोडून घ्या, तिला सरकारी वजन येतं. कांदळवन असेल तर २०१७ च्या कांदळवन संरक्षण व उपजीविका योजनेतली सहव्यवस्थापन समिती आहे. तिच्यातून खेकडापालन, कालवं आणि शिणाणे या शिंपल्यांचं पालन, पर्यटन असे उद्योग करता येतात. सामूहिक कामाला नव्वद टक्के शासन आणि दहा टक्के गाव, असा वाटा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला लोकांनी वन विभागाबरोबर आणि एका निसर्गसंस्थेबरोबर कासवांची घरटी राखली. आज तिथं घराघरांत पाहुणे उतरतात. मच्छीमार सहकारी संस्था तर बहुतेक गावांत आहेच. एक खोली निवडा, तिच्यात टेलची माणसं आत घ्या, आणि चौथी नवी समिती काढू नका. तीच पाच माणसं चार समित्यांवर बसतात आणि कुठंच काम होत नाही.

करार कुठल्याही खोलीत झाला तरी त्यात या गोष्टी हव्यात. हद्द कुठून कुठपर्यंत, गावात म्हणतात त्या नावांनी. सभासद कोण. कोण काय मोजणार आणि सही कोण करणार. तक्रार कळवल्यावर अधिकारी किती तासांत येणार. हा आकडा नसेल तर करार अर्धाच आहे. नियम कधी आणि कसे बदलणार. आणि बदली: साहेब बदलून गेले तर नव्या साहेबांनी किती दिवसांत गावात येऊन वही बघायची. प्रत्येक सभेचं इतिवृत्त कार्यालयात द्या, आवक क्रमांक घातलेली पोच घ्या, ती संस्थेच्या फाइलीला लावा. साहेबाबरोबर त्याची आठवण जाते, तुमची फाइल जात नाही.

एक चूक आम्ही केली, ती तुम्ही करू नका. चारी ताब्यात घेण्याआधी संयुक्त पाहणी करायची असते. दोघांनी चारीवरून चालत जायचं, कुठं फुटली आहे, कुठं गेट नाही, कुठं गाळ आहे ते लिहायचं आणि दुरुस्ती झाल्यावर ताबा घ्यायचा. आम्हाला घाई झाली होती. एका अधिकाऱ्यानं तोंडी सांगितलं, दुरुस्ती पुढच्या वर्षी होईल, आणि आम्ही सही केली. तीन वर्षं फुटकी चारी आमच्या नावावर होती, टेलला पाणी पोचत नव्हतं, आणि लोक म्हणायचे संस्थेनं काय केलं. आप्पा त्या तीन वर्षांत थकले. खाडीचंही असंच होईल: घाण पाणी सोडणारा नाला, सक्शन पंप, गाळानं भरलेलं तोंड, हे तसंच ठेवून "आता खाडी तुमची, सांभाळा" असं म्हटलं जाईल. आधी दोघांनी होडीतून फिरा, यादी करा, कुठलं काम कुठल्या खात्यानं कुठल्या महिन्यापर्यंत करायचं ते लिहा, मगच सही करा.

पैशाचं थोडक्यात. बँकेत संस्थेचं खातं, दोन सह्या, त्यातली एक बाईची. वही ठेवणारीला थोडं का होईना मानधन द्या, फुकटची वही दोन वर्षांत बंद पडते. वर्गणी लहान ठेवा, पण सगळ्यांकडून घ्या. अनुदानावर संस्था उभी राहिली तर अनुदान थांबल्यावर बसते. वाघाडच्या आणि आमच्या भागातल्या ज्या संस्था उभ्या आहेत, त्या सभासदांच्या पाणीपट्टीवर उभ्या आहेत.

वैतरणेवरची वही आता चौदाव्या महिन्यात आहे. दर महिन्याला मावशीची नात पानाचा फोटो मला पाठवते. गेल्या चार पानांवर अधिकाऱ्याची सही आहे. कालवांच्या खडकाजवळच्या जागेत तासाला भरणारी टोपली कमी होत चालली आहे आणि कड्यातून पडणाऱ्या शिंपल्या वाढल्या आहेत, हे दोघांनाही त्याच वहीतून दिसलं. म्हणून ती एक जागा काही महिने बंद ठेवायची का, यावर आता सभा आहे. द्वितीया आहे, पाऊणपट केली की दीड येतो, आत पोचायला आणखी अर्धा तास. सभा दुपारी दोन वाजता भरतीला लावली आहे, कार्यालयाला कारणासकट पत्र गेलं आहे, पोच आली आहे.